आधी दात मोजा, मग मोटर बदला

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी व पालकांपुढे केलेले भाषण)



माझ्याआधी बोललेल्या वक्त्यांनी शिक्षणाचे महत्त्व, स्पर्धा परीक्षा, शिष्यवृत्त्या असे मोठे विषय आपल्यापुढे मांडले. माझा विषय त्या मानाने फारच लहान आहे. इतका लहान की तो या टेबलावर मावला आहे. हा खेळण्यातला रणगाडा. खऱ्या रणगाड्याच्या सोळाव्या हिश्शाइतका. हातातल्या पेटीवरची दांडी पुढे ढकलली की तारेवाचून चालू लागतो. मी आयुष्यभर कर्मशाळेत निदेशक म्हणून काम केले, कानस आणि लेथ यांच्या संगतीत केस पांढरे केले. भाषणे करण्याचा सराव मला नाही. तेव्हा या रणगाड्याच्या पोटात काय आहे आणि त्याने मला या वयात काय शिकवले, एवढेच सांगेन.

हा रणगाडा आपल्याच एका विद्यार्थ्याचा आहे. तो दहावीत आहे. त्याच्या मामूंनी दुबईहून येताना आणला. आपल्याकडे घरोघरी अशी खेळणी येतात. आठ दिवस चालतात आणि मग कपाटावर जाऊन बसतात. या मुलाने मात्र ते उघडले. खाऊचे पैसे साठवून त्याने प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या जागी धातूचे पट्टे बसवले. दिसायला रणगाडा झकास झाला, पण वजन वाढले. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने एक चढणीची फळी केली होती. त्या फळीच्या निम्म्यावर रणगाडा थांबू लागला, मोटरी हात लावू नये इतक्या तापू लागल्या. मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, चढत नाही. काय करू?"

मी वर्तमानपत्र वाचत होतो. डोके वर न काढता म्हणालो, "मोटर कमी पडते. मोठी टाक."

एवढेच. वस्तू हातात घेतली नाही, एक प्रश्न विचारला नाही. त्याने शब्द प्रमाण मानला. पुन्हा पैसे जमवले आणि जास्त फेऱ्यांची, जोरदार मोटरींची जोडी मागवून बसवली. लादीवर रणगाडा बाणासारखा सुटला. मग तो फळीवर घातला. एक हिसका बसला, आतून कडकड आवाज आला आणि सगळे थांबले. मोटर फिरत होती, पट्टा जागेवर होता. आतल्या प्लॅस्टिकच्या चाकाचे दात साफ झाले होते. प्रदर्शनाला तीन आठवडे उरले होते. त्याच्या वडिलांनी सांगितले, "बस झाली ही खेळणी. दहावीचे वर्ष आहे. पेटीत भरून ठेव आणि अभ्यासाला लाग." मुलाने ऐकले. तो माझ्याकडे यायचाही बंद झाला.

मित्रहो, चूक त्याची नव्हती, माझी होती. चार-सहा दिवस ती मला टोचत राहिली. शेवटी एका संध्याकाळी मी मिरकरवाड्याला त्यांच्या घरी गेलो. त्याचे वडील पूर्वी मच्छीमार लाँचवर इंजिन सांभाळत. आता गुडघे दुखतात म्हणून किनाऱ्यावरच इंजिनांची दुरुस्ती करतात. शाळा त्यांनी चौथीत सोडली. मी माफी मागायला गेलो होतो, पण त्यांनी चहा पुढे केला आणि ती पेटीच बाहेर आणवली. दात गेलेले चाक बोटात धरून उजेडाकडे केले आणि म्हणाले, "मास्तर, इंजिन मोठे टाकले, मग गियरपेटी कोणी बघितली?"

मी गप्प राहिलो.

ते पुढे म्हणाले, "लाँचवर मोठा पंखा बसवला तर इंजिन काळा धूर सोडते, तापते. मोठे इंजिन बसवले तर गियरपेटी ओरडते. आणि पुढे जात असताना एकदम उलटा गियर टाकला तर काय होते ते विचारूच नका. इंजिन, गियर आणि पंखा, तिघांचे लग्न जमले पाहिजे."

तिघांचे लग्न! मी तीस वर्षे जे फळ्यावर शिकवले ते या गृहस्थांनी एका वाक्यात सांगितले. आणि गंमत अशी की मुलगा शेजारी उभा राहून आ वासून ऐकत होता. आपल्या वडिलांना हे येते, हे त्याला ठाऊकच नव्हते. वडिलांनाही ही विद्या आहे असे कधी वाटले नव्हते.

आता गियर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आपल्या कोकणातल्या बागायतींत पूर्वी रहाट असे. जनावर सावकाश गोल फिरे, लाकडी दात दुसऱ्या लाकडी दातांत अडकत आणि विहिरीतले पाणी वर येई. हीच विद्या बदीउज्जमान अल-जझरी या कारागिराने आठशे वर्षांपूर्वी दियारबक्रच्या दरबारात वापरली. पाणी उपसण्याच्या यंत्रांची वर्णने त्याने 1206 साली पूर्ण केलेल्या ग्रंथात आकृत्यांसह दिली आहेत. दात असलेले चाक दुसऱ्या चाकाला फिरवते, इतकीच ही युक्ती. पण तिचा एक कायदा आहे आणि तो कोणालाही चुकत नाही. लहान चाकाने मोठे चाक फिरवले तर वेग कमी होतो आणि पिळाचे बळ वाढते. मोठ्याने लहान फिरवले तर उलटे घडते. वेग आणि बळ ही दोन्ही फुकटात वाढत नाहीत. एक घ्यायचे तर दुसरे द्यावे लागते, आणि दाता-दातांच्या घर्षणापायी थोडे वाटेतही सांडते.

त्या रात्री मुलाने, त्याच्या वडिलांनी आणि मी चटईवर बसून दात मोजले. मोटरीवरचे चाक 10 दातांचे, ते 40 दातांच्या चाकाला फिरवते. म्हणजे चारास एक. त्याच्या दांडीवरचे 12 दातांचे चाक 36 दातांच्या चाकाला फिरवते, तिनास एक. पुढे पुन्हा 12 आणि 36. चार गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे छत्तीस. मोटर छत्तीस वेळा फिरते तेव्हा पट्टा ओढणारे चाक एकदा फिरते. आणि बळ जवळजवळ छत्तीस पट होते. ते शेवटच्या चाकांवर सर्वांत जास्त असते. म्हणूनच तिथले प्लॅस्टिकचे दात आधी गेले.

पुढचा हिशेब मुलांनी वहीत करून पाहावा. जुनी मोटर मिनिटाला 15,000 फेरे करणारी होती. छत्तीसने भागले तर ओढचाकाचे फेरे सुमारे 417. त्या चाकाचा व्यास 40 मिलिमीटर, म्हणजे परीघ साधारण 126 मिलिमीटर. गुणाकार केला की मिनिटाला सुमारे 52 मीटर, म्हणजे ताशी तीन किलोमीटरच्या थोडे वर. रणगाडा सोळाव्या हिश्शाचा आहे, म्हणून सोळाने गुणा. ताशी 50 किलोमीटर आले. खरा रणगाडा रस्त्यावर साधारण असाच धावतो. आता मी टाकायला सांगितलेली मोटर घ्या. तिचे फेरे मिनिटाला 25,000. त्याच हिशेबाने उत्तर येते ताशी 84 किलोमीटर. आपल्या सैन्याचा टी-72 रणगाडा रस्त्यावर ताशी सुमारे 60 किलोमीटर जातो. म्हणजे आम्ही रणगाड्याची मोटारगाडी करायला निघालो होतो, आणि तीही चढणीवर!

मोटरीचाही स्वभाव समजून घेतला पाहिजे. बॅटरीवर चालणारी ही छोटी मोटर मोकळी असताना सर्वांत वेगाने फिरते आणि सर्वांत कमी वीज खाते. तिच्यावर भार टाकावा तसतसा वेग उतरतो आणि वीज वाढत जाते. हाताने धरून अडवली तर बळ सर्वांत जास्त, वेग शून्य आणि वीजही सर्वांत जास्त. ती सगळी वीज मग उष्णता होऊन बाहेर पडते. मोटर सर्वांत अधिक काम करते ते मोकळ्या वेगाच्या निम्म्यावर. तीहून खाली तिला रखडवत ठेवले तर ती काम कमी करते आणि तापते जास्त. आणखी एक गोष्ट. सारख्याच आकाराच्या दोन मोटरी सारख्या नसतात. जाड तारेचे कमी वेढे असतील तर मोटर वेगवान आणि खादाड; बारीक तारेचे जास्त वेढे असतील तर सावकाश आणि काटकसरी. बाहेरच्या डब्याकडे पाहून हे कळत नाही.

या मुलाची बहीण नववीत आहे. दुसऱ्या दिवशी तिने मल्टिमीटर हाती घेतला. दहा अँपिअरच्या खोबणीत तार घालून मीटर मोटरीच्या वाटेत जोडायचा, हे तिला एकदाच दाखवावे लागले. जुनी मोटर परत बसवून, फुटलेल्या चाकाच्या जागी तसलेच चाक घालून तिने आकडे लिहिले. रणगाडा उचलून धरला तर एका मोटरीला 0.5 अँपिअर. लादीवर सरळ चालताना 1.2. गालिच्यावर जागच्या जागी वळताना 3.6! मुलगा म्हणाला, "चढणीपेक्षा वळताना जास्त?" होय. रणगाड्याला मोटारीसारखे वळणारे चाक नसते. एक पट्टा पुढे आणि दुसरा मागे किंवा थांबलेला, अशा रीतीने तो वळतो, आणि तेव्हा दोन्ही पट्टे जमिनीवर आडवे घासटतात. सगळा जोर तिथे लागतो. आणि तारेतली उष्णता विजेच्या वर्गाने वाढते. वीज तिप्पट झाली की उष्णता नऊपट. मोटरी का तापत होत्या ते त्या मुलीच्या वहीतल्या तीन आकड्यांनी सांगितले. माझ्या तीस वर्षांच्या अनुभवाने सांगितले नव्हते.

मग काय केले? मोठ्या मोटरी काढून ठेवल्या, जुन्याच ठेवल्या. प्लॅस्टिकच्या गियरपेट्यांच्या जागी धातूच्या दातांच्या पेट्या आणल्या, पण त्या छत्तीसच्या नव्हे, अठ्ठेचाळीसच्या. 10 वर 40, पुन्हा 10 वर 40 आणि 12 वर 36. बळ एक-तृतीयांशाने वाढले. वेग एक-चतुर्थांशाने उतरला, सोळापट धरून ताशी सुमारे 38 किलोमीटर. रणगाड्याला तो शोभतो. बहिणीने पुन्हा मीटर लावला. गालिच्यावर वळताना 3.6 च्या जागी 2.8 अँपिअर. आकडा फार उतरला असे वाटत नाही, पण वर्ग करून पाहा. उष्णता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झाली.

ज्या मुलांना असे काम करायचे असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली. दात फार घट्ट बसवू नयेत, फार सैलही नकोत. घट्ट असले तर मोटर कण्हते, सैल असले तर दात एकमेकांवर आपटून तुटतात. वहीच्या पातळ कागदाची पट्टी दोन चाकांमध्ये घालावी, चाके दाबून स्क्रू कसावेत आणि मग कागद फिरवून काढून घ्यावा. जेवढी फट राहिली तेवढी पुरे.

दुसरी. एक भाग बळकट केला की त्याच्या पुढचा भाग कच्चा ठरतो. गियर धातूचे केले तर ओढचाक तपासा. ओढचाक धातूचे केले तर दांडी तपासा. मोटर जादा वीज खाणारी घातली तर तिला वीज देणारा बोर्ड, तारा आणि बॅटरी ती सोसतील का ते पाहा. आम्ही बॅटरीच्या तारेत फ्यूज घातला. लिथियमची बॅटरी लहान दिसते, पण तिच्या दोन तारा एकमेकींना लागल्या तर आग लागायला वेळ लागत नाही. ती चार्ज करताना घरातले मोठे माणूस जवळ असावे.

तिसरी. आपल्या रत्नागिरीची माती. जांभ्याची तांबडी धूळ ग्रीसमध्ये मिसळली की तिचा पॉलिश-कागद होतो आणि दात झिजवतो. म्हणून पेटी झाकलेली असावी, ग्रीस थोडे असावे आणि अंगणात खेळून झाल्यावर पेटी उघडून पुसावी. खारी हवा पोलादाला गंज आणते, हे तर मिरकरवाड्याच्या मुलांना मी सांगायला नको.

चौथी त्या वडिलांची. पुढे जाताना एकदम उलटी दांडी ओढू नये. थांबावे, मग मागे जावे.

आता कोणी म्हणेल, मास्तर, हे सारे खेळण्यासाठी? तर खऱ्याची गोष्ट ऐका. टी-72 रणगाड्याचे वजन सुमारे साडेएकेचाळीस टन आणि त्याचे इंजिन 780 अश्वशक्तीचे. मार्च 2025 मध्ये भारत सरकारने या रणगाड्यांसाठी 1000 अश्वशक्तीच्या इंजिनांचा करार केला. 24 कोटी 80 लाख डॉलरचा. दर टनामागे जिथे सुमारे 19 अश्वशक्ती होती तिथे 24 होणार. म्हणजे या मुलाला जो प्रश्न पडला तोच सैन्यालाही पडतो. पण तिथे इंजिनाबरोबर थंड ठेवण्याची व्यवस्था, गियर, दांड्या या सर्वांचा विचार तज्ज्ञांना करावा लागतो. सोळाव्या हिश्शाचा रणगाडा वजनाला मात्र सोळावा हिस्सा होत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सोळाने घटतात, म्हणून वजन 4096 ने घटायला हवे. टी-72 च्या हिशेबाने सुमारे दहा किलो. आपले खेळणे तीन-चार किलोचे. इतके हलके असल्यामुळेच ते छोट्या मोटरींवर चालते, आणि म्हणूनच त्याला उगाच जड करू नये.

ही विद्या पाहायला परदेशी जायला नको. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, सैन्याचे रणगाडा संग्रहालय 1994 पासून आहे. सहलीला नेता येईल असे ठिकाण आहे. पुण्याजवळ दिघीला संरक्षण संशोधनाची जी प्रयोगशाळा आहे, तिने 'दक्ष' नावाचे दूरनियंत्रित यंत्र तयार केले. विजेच्या मोटरींवर चालते, जिने चढते आणि बेवारस स्फोटके उचलून दूर नेते. पाचशे मीटर अंतरावरून माणूस ते चालवतो. जिथे माणसाने जीव धोक्यात घालायचा तिथे ते यंत्र जाते. तिथेही मोटर, दात आणि भार यांचे लग्न कोणीतरी वही घेऊन जमवले असेल, आणि ते कोणी लहानपणी खेळणे उघडून पाहिले असेल, असे मला वाटते.

प्रदर्शनाचा निकाल सांगायचा राहिला. रणगाडा फळी चढला. दोनदा चढला. बक्षीस मिळाले नाही. ते सौर चुलीला मिळाले आणि ते योग्यच होते. पण परीक्षकांनी विचारले, "गियरचे प्रमाण अठ्ठेचाळीसच का?" तेव्हा मुलाने मोटर दाखवली नाही. त्याने बहिणीची वही उघडली. आणि मागे गर्दीत त्याचे वडील उभे होते. त्यांच्याकडे बोट करून म्हणाला, "यांनी सांगितले, पेटी आधी बघ."

पालकहो, आपल्यापैकी अनेकजण म्हणतात, आम्ही अडाणी, आम्ही मुलाला काय शिकवणार? लाँचचे इंजिन आवाजावरून ओळखणारा माणूस अडाणी नसतो. शिवणयंत्राचा ताण बोटाने जुळवणारी आई अडाणी नसते. तुमच्या हातातले ज्ञान मुलांच्या वहीपर्यंत पोचत नाही, एवढेच. ते पोचवा. मूल वस्तू उघडू लागले तर पहिल्या तुटलेल्या दातावर पेटी बंद करू नका; शेजारी बसा. अभ्यासाचा वेळ ठरवून द्या, पण ही पेटीही अभ्यासच आहे.

आणि विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, काही चालत नसेल तर लगेच मोठे, महाग, परदेशी काही आणून बसवण्याची घाई करू नका. आपल्या घरी येणाऱ्या पैशात कोणाचा तरी घाम असतो. आधी उघडा, मोजा, लिहा. आणि मोठ्या माणसाने वर्तमानपत्रातून डोके वर न काढता दिलेला सल्ला पाळू नका, मग तो मास्तर का असेना.

 रणगाडा इथेच ठेवतो. कार्यक्रम संपल्यावर मुलांनी येऊन दात मोजून पाहावेत.